सैल वेषाची अबोल शिस्त : 'बिझनेस कॅज्युअल' या पुरुषी वेषसंहितेची चिकित्सा

सारांश : 'बिझनेस कॅज्युअल' ही पुरुषांच्या कार्यालयीन पोशाखाची पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली आणि माहिती तंत्रज्ञान व सेवाक्षेत्राच्या वाटेने भारतात आली. ती सूट-टायच्या सक्तीतून मुक्ती देणारी पद्धत मानली जाते. जॉन मॉलॉय यांचे १९७५ चे पुस्तक, लीव्हाय स्ट्रॉस कंपनीची १९९२ ची पुस्तिका आणि महाराष्ट्र शासनाच्या २०२० व २०२४ मधील सूचना या लिखित संहितांच्या आधारे प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी केली आहे. नियम सैल झाला तरी वेषावरून माणसाची पारख करण्याची वृत्ती सैल झाली नाही. उलट नियम अलिखित झाल्याने त्याचा भार पहिल्या पिढीतील पदवीधरावर अधिक पडतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वेषसंहिता, पांढरपेशा वर्ग, पुरुषवेष, सांस्कृतिक भांडवल, कार्यालयीन संस्कृती.

१. प्रस्तावना

बौद्धिक व लेखी काम करणाऱ्या वर्गासाठी मराठीत 'पांढरपेशा' असा शब्द आहे. हा वर्ग ओळखताना भाषेने त्याच्या ज्ञानाची किंवा पगाराची खूण वापरली नाही, त्याच्या कपड्यांचा रंग वापरला. इंग्रजीतील 'व्हाइट कॉलर' ही संज्ञाही तशीच. सी. राइट मिल्स यांनी १९५१ मध्ये अमेरिकन मध्यमवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा ग्रंथाचे नाव 'व्हाइट कॉलर' हेच ठेवले. दोन दूरच्या समाजांनी एकाच वर्गाला कपड्यावरून नाव द्यावे, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्याचे काम हाताने होत नाही त्याच्या कपड्यावर डाग पडत नाही, आणि डाग नसणे हीच त्याच्या प्रतिष्ठेची ग्वाही ठरते. 'परीटघडीचे कपडे' या शब्दप्रयोगात तर हे अधिक स्पष्ट होते. घडी परिटाची असते, प्रतिष्ठा घालणाऱ्याची.

या पार्श्वभूमीवर 'बिझनेस कॅज्युअल' हा शब्द मराठी कार्यालयात येतो तेव्हा तो काहीसा विसंगत वाटतो. मराठी नोकरदाराला 'कॅज्युअल' हा शब्द ठाऊक आहे तो 'कॅज्युअल लीव्ह'मधून, म्हणजे नैमित्तिक रजेतून. किंवा 'कॅज्युअल लेबर'मधून, म्हणजे रोजंदारीतून. पहिल्या अर्थी तो कामावर नसण्याचा शब्द आहे, दुसऱ्या अर्थी कामावर पक्के नसण्याचा. अशा शब्दाला 'बिझनेस' हे विशेषण जोडले की 'कामाचा बिनकामी वेष' असा काहीतरी अर्थ निघतो. ही विसंगती केवळ शाब्दिक नाही, ती त्या वेषाच्या स्वभावातच आहे. टाय नको, परंतु गळाबंद टी-शर्टही नको. सूट नको, परंतु जीन्स चालेलच असे नाही. बूट औपचारिक नकोत, परंतु चप्पल तर नकोच. या संहितेची व्याख्या बहुतांशी नकारांनी केली जाते. काय घालावे हे तिला नेमके सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

२. पूर्वपीठिका : सूटचा नियम आणि मॉलॉय यांचा सल्ला

युरोपीय पुरुषवेषाच्या इतिहासात अठराव्या शतकाच्या अखेरीस एक मोठे वळण आले. रेशीम, जरी, झालरी, पावडर लावलेले केसांचे टोप हे सारे उच्चवर्गीय पुरुषाने टाकून दिले आणि गडद रंगाचा, साध्या रेषांचा कोट स्वीकारला. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल यांनी १९३० मध्ये या घटनेचे वर्णन पुरुषांनी केलेला सौंदर्याचा महान त्याग असे केले. ॲन हॉलंडर यांनी 'सेक्स अँड सूट्स' (१९९४) या ग्रंथात याची वेगळी मांडणी केली. त्यांच्या मते सूट हा आधुनिक कलादृष्टीचा यशस्वी आविष्कार आहे. देह न उघडता देहाची रेषा सुचवण्याची किमया त्याने साधली. या दोन मतांत अंतर असले तरी एका बाबतीत ती जुळतात. सूटने पुरुषांना एकसारखे केले. धनिक आणि त्याचा कारकून यांच्या वेषातील भेद प्रकारात न राहता कापडाच्या पोतात आणि शिलाईत गेला.

हा सूक्ष्म भेद कसा वाचावा आणि कसा वापरावा, याचे सर्वांत प्रसिद्ध पाठ्यपुस्तक म्हणजे जॉन मॉलॉय यांचे 'ड्रेस फॉर सक्सेस' (१९७५). मॉलॉय मूळचे शिक्षक. त्यांच्या पद्धतीचा नमुना म्हणून पावसाळी कोटाचे उदाहरण नेहमी दिले जाते. बदामी रंगाचा कोट घातलेला पुरुष लोकांना वरच्या मध्यमवर्गातील वाटतो, तर तोच पुरुष काळ्या कोटात खालच्या मध्यमवर्गातील वाटतो, असे निरीक्षण त्यांनी मांडले. त्यावरून काढलेला निष्कर्ष सरळ होता. ज्याला वर जायचे आहे त्याने वरच्या वर्गाचा वेष उचलावा.

या पुस्तकावर टीका करणे सोपे आहे. त्यातील सल्ला अनुकरणाचा आहे, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना तर तो अधिकच सनातनी वेष सुचवतो. म्हणजे पूर्वग्रह ज्याचा आहे त्याला मोकळे सोडून, ज्याच्याविषयी तो आहे त्याच्यावरच तो भार टाकतो. तरीही या पुस्तकाच्या एका गुणाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ते वर्गभेद लपवीत नाही. वेष हा वर्गाचा दाखला आहे आणि तो दाखला शिकून घेता येतो, हे ते उघडपणे सांगते. कामगाराच्या मुलाने ते विकत घ्यावे, वाचावे आणि मुलाखतीला जावे, अशी त्याची रचना आहे. नियम अन्याय्य असेल, परंतु तो छापलेला होता.

३. सैलपणाचा जन्म : बेटावरचा शर्ट आणि कंपनीची पुस्तिका

'बिझनेस कॅज्युअल'च्या उगमाच्या कथेत हवाई बेटांचे स्थान पहिले. तेथील वस्त्रोद्योगाच्या संघटनेने १९६२ मध्ये स्थानिक विधिमंडळाच्या सदस्यांना प्रत्येकी दोन फुलाफुलांचे 'अलोहा' शर्ट भेट दिले आणि उन्हाळ्यात ते कामावर घालण्याची मुभा असावी म्हणून आग्रह धरला. १९६६ पासून शुक्रवारी असे शर्ट घालण्याची प्रथा 'अलोहा फ्रायडे' म्हणून रूढ झाली. उष्ण हवामान हे याचे खरे कारण होते, आणि शर्ट विकले जावेत हे दुसरे खरे कारण होते. पुढील इतिहासात पहिले कारण मागे पडले आणि दुसरे पुढे आले.

लीव्हाय स्ट्रॉस कंपनीने १९८६ मध्ये 'डॉकर्स' या नावाने सुती पँट बाजारात आणली. जीन्स घालून वाढलेली पिढी आता चाळिशीकडे झुकली होती. तिला जीन्सइतकी आरामदायक, परंतु जीन्स नसलेली पँट हवी होती. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मंदीच्या काळात अनेक कंपन्यांनी पगारवाढीऐवजी शुक्रवारी सैल पोशाखाची सवलत देण्यास सुरुवात केली. ती फुकट होती आणि कर्मचाऱ्यांना आवडतही होती. परंतु सवलत मिळताच गोंधळ उडाला. काही जण हाफ पँटमध्ये, तर काही व्यायामाच्या कपड्यांत येऊ लागले. या गोंधळातच लीव्हाय स्ट्रॉसला संधी दिसली. १९९२ मध्ये तिने कार्यालयीन सैल पोशाखाविषयी एक सचित्र पुस्तिका तयार केली आणि ती सुमारे २५,००० मनुष्यबळ व्यवस्थापकांकडे पाठवली. स्वच्छ खाकी पँट, कॉलरचा शर्ट, पट्टा आणि चामडी बूट हा त्या चित्रांतील आदर्श होता.

समीक्षेच्या दृष्टीने या पुस्तिकेचे महत्त्व मोठे आहे. एरवी वेषसंहिता राजसत्ता, धर्मसत्ता किंवा मालक लिहितो. येथे ती कापड विकणाऱ्याने लिहिली आणि मालकाने स्वीकारली. शिवाय ती जाहिरातीच्या रूपात ग्राहकाकडे न जाता मार्गदर्शनाच्या रूपात व्यवस्थापकाकडे गेली. ज्याला 'मुक्ती' म्हटले गेले ती वस्तुतः एका वस्त्राकडून दुसऱ्या वस्त्राकडे झालेली बदली होती. पुरुषाच्या कपाटात सूट राहिलाच; त्याच्या शेजारी एक नवा, वेगळा विकत घ्यावा लागणारा संच आला.

या बदलाचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण आयबीएमचे आहे. गडद सूट आणि पांढरा शर्ट हा ज्या कंपनीचा जणू लौकिकच होता, तिने १९९५ मध्ये लू गर्स्टनर यांच्या कारकीर्दीत ही सक्ती सोडली. गर्स्टनर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मपर पुस्तकात याचे दिलेले स्पष्टीकरण मार्मिक आहे. कंपनीचे जुने प्रमुख थॉमस वॉटसन यांनी सूटचा आग्रह धरला तो ग्राहकाचा आदर म्हणून, कारण त्या काळी ग्राहक सूट घालीत असे. पुढे ग्राहकाचा वेष बदलला, परंतु कंपनी जुन्याच वेषाला चिकटून राहिली. हेतू विसरला गेला आणि नियम उरला. गर्स्टनर यांनी नियम काढला तो हेतूकडे परत जाण्यासाठी. वेषसंहितेच्या मूल्यमापनाचा एक निकष यातून हाती येतो. ज्या नियमाचे कारण सांगता येते तो शिस्त असतो. ज्याचे कारण सांगता येत नाही तो केवळ चाळणी असतो.

४. वस्त्रांची विसरलेली गावे

ज्या वस्त्रांतून ही अमेरिकन संहिता घडली, त्यांतील काहींची मुळे भारतात आहेत. 'खाकी' हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. १८४६ मध्ये पेशावर येथे उभारलेल्या 'गाइड्स' पथकात धुळीत मिसळून जाणाऱ्या रंगाचा गणवेश प्रथम वापरात आला आणि तेथून तो ब्रिटिश व पुढे इतर सैन्यांत पसरला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे सैनिक महाविद्यालयांत परतले ते याच पँट घालून. शिपायाची पँट अशा रीतीने विद्यार्थ्याची झाली आणि विद्यार्थ्याची पुढे व्यवस्थापकाची झाली. 'डंगरी' या जाड सुती कापडाचे नाव मुंबईतील डोंगरीवरून पडले. जीन्सच्या घराण्यातील हे कापड मुंबईहून निर्यात होत असे आणि खलाशांच्या व मजुरांच्या अंगावर दिसे.

हा इतिहास केवळ अभिमानाचा विषय नाही. एकच वस्त्र दोन समाजांत वेगळे वाचले जाते, हा त्यातील धडा आहे. अमेरिकन व्यवस्थापकाला खाकी पँटमध्ये सुट्टीचा, नौकाविहाराचा सैलपणा दिसतो. महाराष्ट्रातील खेड्यातून आलेल्या तरुणाला त्याच रंगात हवालदार, एस.टी.चा कंडक्टर किंवा शाळेचा गणवेश दिसतो. जो रंग त्याच्या वडिलांनी नोकरीची सक्ती म्हणून अंगावर घातला, तोच रंग आता मोकळेपणाची खूण म्हणून त्याने घालावा अशी अपेक्षा असते. तो काळ्या पँटकडे वळतो, यात त्याची अभिरुची कमी पडत नाही; त्याची स्मृती वेगळी असते.

५. महाराष्ट्राची वेषस्मृती

कार्यालयातील वेषाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. वसाहतकाळात तो पादत्राणांपासून सुरू झाला. बर्नार्ड कोन यांनी वस्त्र आणि वसाहतवाद यांवरील आपल्या अभ्यासात (१९८९) दाखवल्याप्रमाणे, एतद्देशीयाने साहेबासमोर जोडा काढून यावे की युरोपीय पद्धतीचे बूट घालून यावे, यावर गव्हर्नर जनरलला १८५४ मध्ये ठराव करावा लागला. मुंबई इलाख्यातही १८६२ मध्ये सुरतेच्या न्यायालयात एका पारशी असेसराच्या बुटांवरून मोठा वाद झाला. सत्तेच्या दालनात पाय ठेवताना पायात काय असावे, हे सत्ताच ठरवीत होती.

या सत्तेला वेषातूनच उत्तर देणारे दोन प्रसंग महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या भोजनाला महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि दागदागिन्यांनी सजलेले पाहुणे म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच्या नेमका उलट मार्ग निवडला. ज्या समाजाने विशिष्ट जातींना चांगले वस्त्र नाकारले, त्या समाजासमोर ते निर्दोष शिवलेल्या सुटात उभे राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी अस्पृश्य स्त्रियांना जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत व जड दागिने टाकून देण्यास सांगितले, त्यामागेही हीच दृष्टी होती. आज गावोगावच्या पुतळ्यांत दिसणारा निळा सूट हा परकीयांच्या अनुकरणाचा अवशेष नाही. तो हक्काचा दाखला आहे.

फुले आणि आंबेडकर यांचे मार्ग परस्परविरोधी दिसतात, परंतु त्यांना जोडणारी एक गोष्ट आहे. दोघांनाही नियम ठाऊक होता. दरबारी वेष कोणता हे माहीत असल्यामुळेच फुल्यांचा शेतकरीवेष हे विधान ठरले. सभ्य वेष कोणता हे सर्वांना माहीत असल्यामुळेच आंबेडकरांचा सूट हा दावा ठरला. नियम उघड असतो तेव्हा तो मोडताही येतो आणि मागताही येतो. तो झाकलेला असतो तेव्हा यांपैकी काहीच करता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी कार्यालयाने आपला असा एक सैल वेष घडवलाही होता. बुशशर्ट, मनिला आणि सत्तरच्या दशकापासून सफारी ही त्याची रूपे. बाहेर सोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट उन्हाळ्याला मानवणारा होता, शिंप्याकडून स्वस्तात शिवून मिळत होता आणि साहेब व कारकून दोघांच्याही अंगावर चालत होता. त्याला कोणी 'बिझनेस कॅज्युअल' म्हटले नाही, कारण तो कोणी विकायला काढलेला नव्हता. १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांबरोबर तयार कपड्यांची दुकाने आणि माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आली, तेव्हा हा वेष जुनाट ठरला. शर्ट 'इन' करणे ही आधुनिकतेची खूण झाली. विरोधाभास असा, की ज्या काळात पश्चिमेतील पुरुष टाय सोडीत होता त्याच काळात पुण्या-मुंबईतील नवा अभियंता टायची गाठ शिकत होता. भारतातील मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी औपचारिक पोशाखाची सक्ती पुढे हळूहळू शिथिल केली. इन्फोसिसने ती २०१५ मध्ये केली. गाठ नीट जमेपर्यंत गाठीची गरज संपली होती.

६. अलिखित नियमाची किंमत

या ठिकाणी मूळ प्रश्नाकडे यावे लागते. सूटची सक्ती गेल्यामुळे खर्च, उकाडा आणि अवघडलेपण कमी झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वेष पाहून माणूस जोखण्याची सवय गेली का, हा प्रश्न उरतो. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण सूटबरोबर निवृत्त झालेली नाही.

पिएर बूर्दिय यांनी 'डिस्टिंक्शन' (१९७९) या ग्रंथात दाखवून दिले की अभिरुची ही व्यक्तिगत बाब वाटत असली तरी ती वर्गाने घडवलेली असते आणि ती सहज वाटणे हेच तिचे सामर्थ्य असते. 'बिझनेस कॅज्युअल' या सहजतेवरच उभे आहे. त्यात बारकावे फार आहेत. पँटची लांबी घोट्यावर कोठे संपावी, पट्टा व बूट यांचे रंग जुळावेत की नाही, शर्टाची बाही किती दुमडावी, चकाकणारे कृत्रिम कापड चालते का, चौकट्याचा आकार किती मोठा असावा, या गोष्टी कोठेही लिहिलेल्या नसतात. ज्या घरात वडील अशा कार्यालयात गेले त्या घरातील मुलाला त्या न शिकता येतात. इतरांना त्या चुकून शिकाव्या लागतात.

बेलेझ्झा, जिनो आणि कीनन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उपयुक्त ठरते. औपचारिक प्रसंगी मुद्दाम वेगळा, साधा वेष करणाऱ्या व्यक्तीला पाहणारे लोक अधिक प्रतिष्ठित आणि सक्षम समजतात, असे त्यात आढळले. मात्र त्या व्यक्तीने नियम जाणूनबुजून मोडला आहे असे पाहणाऱ्याला वाटले तरच. नियम माहीत नसल्यामुळे तो मोडला असे वाटल्यास हा लाभ मिळत नाही. उद्योगसम्राटाचा टी-शर्ट प्रतिभेची खूण ठरतो, परंतु तोच टी-शर्ट नव्या लिपिकाच्या अंगावर बेफिकिरी ठरतो. म्हणजे सैलपणाचा अधिकार ज्याची पत आधीच सिद्ध आहे त्यालाच मिळतो. लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतील उच्चभ्रू कंपन्यांच्या नोकरभरतीचा अभ्यास 'पेडिग्री' (२०१५) या पुस्तकात मांडला. निवड करणारे गुणवत्तेच्या नावाखाली बरेचदा आपल्यासारखाच माणूस शोधतात, हा त्यांचा निष्कर्ष याच दिशेने जातो.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हे चित्र अपरिचित नाही. प्रांगण मुलाखतीच्या दिवशी काळी पँट, पांढरा शर्ट आणि टाय असा संच अंगावर चढवून विद्यार्थी रांगेत उभे राहतात. त्यांतील अनेकांचा शर्ट नवा असतो, बूट चुलतभावाचे असतात आणि वसतिगृहातील एकच टाय एकामागून एक तीन-चार गळ्यांत फिरतो. या वेषाचे हसू करण्याचे कारण नाही, कारण त्यात प्रसंगाविषयीचा आदर आहे. निवड झाल्यावर मात्र हाच विद्यार्थी कंपनीत पहिल्या दिवशी तोच कडक इस्त्रीचा संच घालून जातो आणि सभोवती मऊ सुती पँट व कॉलरचे टी-शर्ट पाहतो. ज्या नीटनेटकेपणाने त्याला दार उघडून दिले, तोच आता तो बाहेरचा असल्याचे सांगू लागतो. त्याने नियम मोडलेला नसतो. त्याने नियम फार मनापासून पाळलेला असतो. कोणी त्याला अपमानकारक बोलत नाही, कोणतीही तक्रार नोंदवता येत नाही. अलिखित नियमाची शिक्षाही अलिखितच असते.

अर्विंग गॉफमन यांनी सामाजिक वर्तनाची तुलना रंगमंच आणि नेपथ्यामागील जागा यांच्याशी केली होती. सूटच्या काळात हा भेद स्वच्छ होता. कार्यालय हा रंगमंच, घर ही मागची जागा. 'बिझनेस कॅज्युअल'ने मागच्या जागेचा वेष रंगमंचावर आणला; म्हणजे आता विश्रांतीचाही प्रयोग करावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करताना वरती कॉलरचा शर्ट आणि खाली घरातली पँट असा वेष सर्वत्र दिसला, तेव्हा ही गोष्ट विनोदी रूपात उघड झाली. कॅमेऱ्याच्या चौकटीने रंगमंचाची हद्द पुन्हा आखून दिली होती.

७. लिहिलेले नियम : शासनाची परिपत्रके आणि जपानचा प्रयोग

अलिखित नियम जर अन्यायकारक असेल, तर नियम लिहून काढला की प्रश्न सुटतो काय? महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालय व शासकीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी परिपत्रक काढले. पुरुषांनी शर्ट व पँट घालावी, गडद रंगांचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, जीन्स व टी-शर्ट वापरू नयेत, पायात स्लिपर नसावी आणि शुक्रवारी खादी वापरावी, अशा सूचना त्यात होत्या. अव्यवस्थित वेषामुळे जनमानसातील प्रतिमा मलिन होते, असे कारणही त्यात दिले होते. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी काढलेल्या सूचनांत पुरुष शिक्षकांनी शर्ट पँटमध्ये खोचलेला असावा, इतका तपशील होता.

या परिपत्रकांची थट्टा झाली आणि काही अंशी ती रास्तही होती. 'चित्रविचित्र' म्हणजे नेमके काय, हे ठरवणार कोण? स्त्रियांच्या वेषाविषयी लिहिताना तर अशा सूचना नेहमीच देखरेखीचा सूर लावतात. जीन्स वर्ज्य करताना डोंगरीच्या कापडाचा इतिहास कोणाच्या ध्यानी आला असण्याची शक्यता कमीच. परंतु खासगी कार्यालयातील मौनाशी तुलना करता या परिपत्रकांची एक बाजू जमेची आहे. ती शिपायालाही वाचता येतात आणि सचिवालाही. त्यांवर वर्तमानपत्रांत वाद झाला, कर्मचाऱ्यांनी मते मांडली. लिहिलेल्या नियमाशी भांडता येते.

लिखित नियमाचा अधिक विचारी नमुना जपानमध्ये दिसतो. २००५ मध्ये पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांच्या पुढाकाराने तेथे 'कूल बिझ' ही मोहीम सुरू झाली. उन्हाळ्यात कार्यालयांतील वातानुकूलन २८ अंश सेल्सियसवर ठेवावे आणि पुरुषांनी कोट व टाय घालू नये, असे तिचे स्वरूप होते. पंतप्रधान कोइझुमी स्वतः ओकिनावाच्या पद्धतीचा शर्ट घालून लोकांसमोर आले. २००९ मध्ये बांगलादेशानेही वीज वाचवण्यासाठी पुरुष शासकीय कर्मचाऱ्यांना सूट व टाय टाळण्यास सांगितले. या दोन्ही ठिकाणी सैल वेषाचे कारण स्पष्ट होते, ते सर्वांना लागू होते आणि सुरुवात वरिष्ठांनी केली होती. कनिष्ठाला सैल होण्याची जोखीम एकट्याने घ्यावी लागली नाही. भारतातही १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांची मूळ मांडणी २४ अंशांवर असणे बंधनकारक झाले. परंतु या तापमानाचा कार्यालयीन वेषाशी संबंध जोडणारी चर्चा फारशी झाली नाही.

देशी वेषाचे स्थान हाही याच चर्चेचा भाग आहे. कुडता-पायजमा राजकीय नेत्याच्या अंगावर पूर्ण औपचारिक ठरतो, मात्र कंपनीतील कर्मचाऱ्याच्या अंगावर तो दिवाळीच्या आदल्या दिवसापुरता 'पारंपरिक वेष' ठरतो. २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना धोतर नेसल्यामुळे एका क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी अशा बंदीविरुद्ध कायदा केला. न्यायमूर्तींसाठी कायदा झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. सामान्य उमेदवाराच्या बाबतीत मात्र असा प्रसंग बातमीही होत नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, 'बिझनेस कॅज्युअल' ही नियमांचा अभाव नसून नियमांचे स्थलांतर आहे. कागदावरचा नियम नजरेत गेला. दुसरी, या स्थलांतराचा लाभ ज्यांना नजर वाचता येते त्यांना झाला आणि भार इतरांवर पडला. तिसरी, वेषसंहितेची कसोटी ती कडक की सैल यावर ठरत नाही. ती सांगितलेली आहे का, तिला कारण आहे का आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी लागू आहे का, यांवर ठरते.

यातून महाविद्यालयांवर एक जबाबदारी येते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत वेषाचे जे धडे दिले जातात, ते बहुधा 'चांगले' आणि 'वाईट' या भाषेत दिले जातात. विद्यार्थ्याच्या मनात त्यातून आपल्या घराविषयी, वडिलांच्या कपड्यांविषयी आणि स्वतःच्या आवडीविषयी नकळत संकोच रुजतो. वेष हा संकेत आहे, चारित्र्य नव्हे. तो इतिहासाने घडला, बाजाराने बदलला आणि शिकून घेता येतो, असे सांगितल्यास तेच ज्ञान संकोचाशिवाय देता येईल. नोकरभरतीसाठी येणाऱ्या आस्थापनांना मुलाखतीचा आणि रुजू होण्याच्या दिवसाचा वेष लेखी कळवण्याची विनंती नियोजन कक्षाने केल्यास त्यास खर्चही येत नाही. एका ओळीच्या या सूचनेने उसन्या टायचा आणि पहिल्या दिवसाच्या अवघडलेपणाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटू शकेल.

फुल्यांनी दरबारात शेतकऱ्याचा वेष नेला आणि आंबेडकरांनी नाकारलेला वेष मिळवून अंगावर घातला. दोन्ही निवडी होत्या. नियम माहीत असलेल्या विद्यार्थ्यालाच तो पाळण्याची किंवा मोडण्याची निवड करता येते. ती निवड त्याच्या हाती देणे हे शिक्षणाचेच काम आहे.